२००५ चा हंगाम अजून मिटलेला नाही : ब्राझिलियन फुटबॉल महासंघाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी,
ब्राझिलियन फुटबॉल महासंघ (सीबीएफ), रिओ दि जानेरो

महोदय,

२००५ च्या ब्राझिलेराँवचा, म्हणजे ब्राझीलच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचा, गुणतक्ता तुमच्या दफ्तरात आहे. २२ संघ, ४२ फेऱ्या. कोरिंथियन्स ८१ गुण, विजेते. इंटरनॅसिओनाल ७८ गुण, उपविजेते. या तक्त्यातले अकरा निकाल त्या-त्या सामन्याचे पहिले निकाल नाहीत. ते सामने एकदा खेळून झाले होते, गुण वाटून झाले होते, आणि मग रद्द करून पुन्हा खेळवले गेले. पहिले निकाल कायम ठेवले असते तर कोरिंथियन्सचे ७७ गुण होतात आणि इंटरचे ७८ च राहतात. एका गुणाने विजेता बदलतो. तक्ता नुसता पाहणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे वर्ल्ड कप जवळ आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, तालमीतालमींत वाद रंगतात. पण ब्राझीलच्या घरच्या साखळी स्पर्धेकडे मी वळलो तो बारेटोमुळे. होजे रामिरेझ बारेटो हा तुमच्या पोर्तो अलेग्रे शहरात जन्मलेला खेळाडू तेव्हा मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळत होता. हा माणूस ज्या गावचा, तिथलं फुटबॉल कसं असेल, या उत्सुकतेपोटी मी पोर्तो अलेग्रेच्या क्लबांच्या, म्हणजे इंटर आणि ग्रेमियोच्या, बातम्या शोधू लागलो. आणि नेमका तो हंगाम २००५ चा होता.

काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या मराठी वाचकांसाठी सांगतो.

सप्टेंबर २००५ मध्ये 'वेजा' साप्ताहिकाने बातमी फोडली. एडिल्सन पेरेरा दि कार्व्हाल्यो हा फिफाचा बिल्ला लावणारा पंच सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामने फिरवत होता. भाव सामन्यामागे दहा-पंधरा हजार रेआल. इंटरनेटवरच्या सट्ट्याच्या साइटवर पैसा लावणारी टोळी त्याला आधीच सांगून ठेवायची की कोण जिंकायला हवं. फोनवरची बोलणी तपास यंत्रणेने टिपली होती. एडिल्सनला अटक झाली. पाउलो जोझे दानेलोन या आणखी एका पंचाचं नाव पुढे आलं. दोघांवर आजन्म बंदी आली. इथपर्यंत जे झालं ते योग्यच झालं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्रीडा न्यायाधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष लुईझ झ्वेतेर यांनी एडिल्सनने त्या स्पर्धेत पंचगिरी केलेले अकराच्या अकरा सामने सरसकट रद्द केले. पैसे घेऊनही एडिल्सनला प्रत्येक वेळी हवा तो निकाल लावता आला नव्हता, हे तपासातच दिसलं होतं. तरी कुठल्या सामन्यात त्याने खरोखर हात मारला, कुठे त्याचा डाव फसला, कोणत्या संघाचं नुकसान झालं आणि कोणाचा फायदा, असा वेगवेगळा हिशेब झाला नाही. पंच डागाळलेला, म्हणून त्याचे सगळे सामने डागाळलेले, एवढाच न्याय लावला गेला.

त्यामागची भीती मला समजते. हंगाम ऐन रंगात होता, स्टेडियममध्ये लोक संतापले होते, आणि अकरांतला कोणता सामना खरा नि कोणता खोटा, हे निवडत बसायला कोणाकडे वेळ नव्हता. पण या निर्णयाचं ओझं कोणाच्या खांद्यावर पडलं ते पाहा. बोताफोगोने वास्कोला हरवलं होतं. तो विजय गेला, सामना पुन्हा झाला आणि वास्को जिंकला. बोताफोगोच्या खेळाडूंनी कोणाकडून पैसे घेतले होते? सांतोसने ३१ जुलैला कोरिंथियन्सला ४-२ असं हरवलं होतं. तो सामना ऑक्टोबरमध्ये सांतोसच्या विला बेलमिरो मैदानावर पुन्हा खेळवला गेला आणि कोरिंथियन्स ३-२ ने जिंकले. मधल्या काळात युरोपातली खेळाडूंची खरेदी-विक्री उरकली होती, रॉबिन्यो सांतोस सोडून रेआल माद्रिदला गेला होता. जुलैतला संघ ऑक्टोबरमध्ये उभा करणं कोणालाच शक्य नव्हतं. साओ पाउलो क्लबने कोरिंथियन्सला ३-२ असं हरवलं होतं, तो सामना १-१ बरोबरीत सुटला. म्हणजे मैदानावर हरलेल्या दोन सामन्यांतून कोरिंथियन्सच्या खात्यात चार गुण आले. इंटरचाही एक सामना त्या अकरांत होता, कोरितिबाविरुद्धचा. तो त्यांनी पहिल्यांदा जिंकला होता आणि दुसऱ्यांदाही जिंकला. त्यांना त्यातून मिळालं काहीच नाही.

कोरिंथियन्सवर माझा आरोप नाही, हे मी ठासून सांगतो. त्यांनी पंच विकत घेतला नव्हता. पुन्हा खेळा म्हटलं तेव्हा ते खेळले. तेवेझ त्या वर्षी ज्या जिद्दीने खेळला त्याला तोड नव्हती. अर्जेंटिनाचा पोरगा साओ पाउलोत येतो आणि तिथल्या लोकांच्या गळ्यातला ताईत होतो, हे रोज घडत नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांनी सांतोसला ७-१ असं धुतलं, ते काही कोणा न्यायाधिकरणाने दिलेलं नव्हतं. त्यांच्या चाहत्यांचा आनंद खरा होता. पण त्याच कारणासाठी त्यांनाही पूर्ण नोंद हवी असली पाहिजे. गेली वीस वर्षं त्यांच्या त्या विजेतेपदाचा विषय निघाला की समोरचा माणूस एडिल्सनचं नाव घेतो, आणि तुम्ही गप्प राहिल्यामुळे ते पद कायमचं संशयात अडकून पडलं आहे.

आता २० नोव्हेंबरबद्दल लिहितो. त्याशिवाय पोर्तो अलेग्रेची जखम कळायची नाही.

पाकाएंबू स्टेडियम, कोरिंथियन्स विरुद्ध इंटर. इंटर तीन गुणांनी मागे. तेवेझने गोल केला, राफाएल सोबिसने फेडला, १-१. उत्तरार्धात इंटरचा टिंगा चेंडू घेऊन पेनल्टी क्षेत्रात घुसला. गोलरक्षक फाबियो कोस्ता पुढे धावत आला. टिंगाने त्याच्या आधी चेंडू गाठला, कोस्ता त्याच्यावर आदळला आणि टिंगा कोसळला. पेनल्टी, असं अख्ख्या इंटरला वाटलं. पंच मार्सियो रेझेंदे दि फ्रेतास यांनी खिशात हात घातला आणि कार्ड काढलं ते टिंगासाठी. पडण्याचं नाटक केलं म्हणून दुसरं पिवळं, आणि त्यावर लाल. पेनल्टी नाही, उलट एक माणूस कमी. मी ती चित्रफीत कितीही वेळा पाहिली तरी टिंगाचा चेहरा बघवत नाही. तो चिडलेला कमी आणि गोंधळलेला जास्त दिसतो. आपल्याला पाडलं गेलं आणि आपल्यालाच बाहेर काढलं, हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही.

ही पंचाची चूक होती. तिचा एडिल्सनशी काहीही संबंध नाही. चुकीच्या निर्णयावरून सामना पुन्हा खेळवा असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण क्रम पाहा. जेमतेम महिनाभरापूर्वी कोरिंथियन्सचे पुन्हा खेळवलेले सामने उरकलेले, त्यातून आलेले चार गुण ताजे, आणि त्यावर हे. जुने निकाल कायम असते तर त्या दिवशी इंटर पाकाएंबूत उतरलं असतं ते एका गुणाने पुढे राहून. सामना तोच, पण दोन्ही संघांनी तो वेगळ्याच मनाने खेळला असता.

तिथून सहाच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, पोर्तो अलेग्रेतलाच दुसरा क्लब ग्रेमियो दुसऱ्या श्रेणीतून वर यायला रेसिफेच्या आफ्लितोस मैदानावर झुंजत होता. चार जणांना लाल कार्ड, मैदानावर उरलेले सात, समोर नाउतिकोला दोन पेनल्टी. दोन्ही हुकल्या, दुसरी तर गोलरक्षक गालात्तोने अडवली. आणि मग कोवळ्या अँडरसनने गोल मारून ग्रेमियोला १-० असं जिंकवलं. अर्धं पोर्तो अलेग्रे रस्त्यावर नाचत होतं आणि उरलेलं अर्धं आपलं चोरीला गेलेलं मोजत बसलं होतं. एका आठवड्यात एका शहरावर फुटबॉलने काय काय आणावं! याच हंगामात एकोणचाळिशीचा रोमारियो वास्कोकडून २२ गोल करून सर्वाधिक गोल करणारा ठरला. लिहायला बसलं तर हा हंगाम संपत नाही. एवढ्या श्रीमंत वर्षाची नोंद इतकी कोरडी राहावी, याचं वाईट वाटतं.

४ डिसेंबरला शेवटच्या फेरीत दोघेही हरले. कोरिंथियन्स गोयासकडून ३-२, इंटर कोरितिबाकडून १-०. जिंकूनही कोरितिबा खालच्या श्रेणीत घसरलं. झालं, हंगाम मिटला असं तुम्ही जाहीर केलं.

मला कोणी म्हणेल, जुने निकाल धरून बेरीज करणं बरोबर नाही, कारण गुण वेगळे असते तर पुढचे सामने वेगळे झाले असते. अगदी मान्य. म्हणूनच इंटरला आज विजेता जाहीर करा, अशी माझी मागणी नाही. ७८ विरुद्ध ७७ हा कधी खेळलाच न गेलेल्या हंगामाचा तक्ता आहे. पण ८१ विरुद्ध ७८ हा तक्तासुद्धा अर्धाच खरा आहे, आणि तुम्ही तो पूर्ण सत्य म्हणून छापता.

आमच्याकडे शेतजमिनीचा सातबारा उतारा असतो. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली की जुन्या मालकाचं नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. कोणीही तो क्रमांक धरून तलाठ्याकडे जावं आणि हा बदल कधी, कोणाच्या हुकमाने, कशामुळे झाला ते वाचावं. २००५ च्या तक्त्याला मी एवढंच मागतो आहे. अकरा सामन्यांपुढे पहिला निकाल कंसात आणि दुसरा निकाल शेजारी असावा. आणि प्रत्येकाचा फेरफार उघडा असावा: त्या सामन्यावर सट्टा कोणावर लागला होता, पंचाने नेमकं काय केलं, फोनवरच्या बोलण्यात काय होतं, आणि न्यायाधिकरणाने तो सामना कोणत्या कारणाने रद्द केला. जिथे पंचाचा डाव फसला होता तिथे तसं लिहा. बोताफोगोचा विजय कशामुळे गेला हे बोताफोगोच्या माणसाला तुमच्याच कागदावर वाचता आलं पाहिजे.

इतकी वर्षं झाली, आता जुनं कशाला उकरायचं, असं तुम्ही म्हणू शकत नाही. जुनं उकरायचा अधिकार तुम्ही स्वतः वापरला आहे. २०१० मध्ये तुम्ही १९५९ ते १९७० च्या काळातल्या स्पर्धांना राष्ट्रीय विजेतेपदाचा दर्जा दिलात. २०२३ मध्ये अॅत्लेतिको मिनेरोचं १९३७ चं जेतेपद ब्राझीलचं विजेतेपद म्हणून मान्य केलंत. शहाऐंशी वर्षांपूर्वीची स्पर्धा! १९८७ च्या विजेतेपदाचा फ्लामेंगो आणि स्पोर्ट यांच्यातला वाद तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये स्पोर्टच्या बाजूने सुटला. १९३७ साठी तुमच्याकडे वेळ असेल तर २००५ साठीही असला पाहिजे. त्या हंगामातले खेळाडू हयात आहेत, चाहते हयात आहेत, कागद शाबूत असणार.

ज्यांच्या काळात ही फाइल बंद झाली त्यांच्याबद्दलही दोन शब्द. तेव्हा तुमच्या खुर्चीत रिकार्दो तेशेरा होते. लाचखोरीच्या प्रकरणात फिफाने त्यांच्यावर २०१९ मध्ये आजन्म बंदी घातली. ते प्रकरण वेगळं होतं, २००५ शी त्याची गाठ मारायची नाही. पण त्या कारभारातल्या निर्णयांची आज पुन्हा तपासणी व्हावी असं म्हणणाऱ्याला तुम्ही खुळा ठरवू शकत नाही. न्यायालयातूनही क्लबांना आणि चाहत्यांना उत्तर मिळालं नाही. २००९ मध्ये साओ पाउलोच्या न्यायालयाने फौजदारी खटलाच बंद केला, कारण पंचाने सामना फिरवणं हा तेव्हाच्या कायद्यात सरळ गुन्हा म्हणून बसत नव्हता. चाहत्यांच्या हक्कांच्या कायद्यात दुरुस्ती करून तो गुन्हा ठरवला गेला २०१० मध्ये, म्हणजे हा हंगाम होऊन गेल्यावर. क्रीडा न्यायाने घाईत सरसकट निकाल दिला आणि फौजदारी न्यायाने दार लावून घेतलं. खरं-खोटं नीट तपासून लिहिण्याचं काम राहूनच गेलं. ते आता तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही.

आणि हे काम आजच का, तर सट्टा आता लपून चालत नाही. तो तुमच्या घरात राहायला आला आहे. २०२४ पासून तुमच्या सर्वोच्च स्पर्धेच्या नावातच एका सट्टा कंपनीचं नाव आहे. पहिल्या श्रेणीतल्या बहुतेक क्लबांच्या छातीवर सट्ट्याच्या जाहिराती आहेत. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने या धंद्याला नियम लावले आणि २०२५ पासून परवाना घेतलेल्या कंपन्यांचा बाजार सुरू झाला. एडिल्सनच्या टोळीला दोन साइटवर चोरून पैसा लावावा लागत होता. आज एखाद्या खेळाडूला पिवळं कार्ड मिळेल का, यावर कोणीही मोबाइलवरून पैसा लावतो.

त्याचं फळ तुम्ही चाखलं आहे. दुसऱ्या श्रेणीच्या २०२२ च्या शेवटच्या फेरीत पहिल्या अर्ध्या वेळेत पेनल्टी ओढवून द्या, पैसे घ्या, असे सौदे खेळाडूंशी झाले. विला नोव्हा क्लबच्या अध्यक्षांनी स्वतः खणून माहिती काढली आणि गोयास राज्याच्या सरकारी वकिलांकडे नेली. २०२३ मध्ये ती चौकशी पहिल्या श्रेणीपर्यंत पोचली, पैसे घेऊन कार्ड ओढवून घेणारे खेळाडू सापडले, त्यांच्यावर बंदी आली, काहींवर आजन्म. या वेळी एकही सामना रद्द झाला नाही. सगळे निकाल कायम राहिले.

मग मला सांगा, नियम काय आहे? २००५ मध्ये पंच विकला गेला तर अकरा सामने पुन्हा. २०२२ मध्ये खेळाडू विकले गेले तर एकही नाही. दोन्हींपैकी कोणतं बरोबर, यावर वाद होऊ शकतो. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पुरावा असेल तिथे दोषी माणसाला शिक्षा करा, आणि त्याने निकालच फिरवला हे सिद्ध होत असेल त्याच सामन्याला हात लावा. पण मत काहीही असो, ते हंगाम सुरू होण्याआधी स्पर्धेच्या नियमावलीत लिहिलेलं हवं. पुढचा एडिल्सन सापडेल तेव्हा गुणतक्ता कोणाच्या सोयीचा आहे हे सगळ्यांना दिसत असेल, आणि तेव्हा केलेला कोणताही नियम कोणाच्या तरी बाजूचा वाटेल. २००५ मध्ये नेमकं हेच झालं. झ्वेतेर यांचा हेतू कितीही चांगला असेल, पण विजेतेपदाच्या शर्यतीतल्या एका संघाचे दोन पराभव पुसले गेले ही गोष्ट पोर्तो अलेग्रेच्या माणसाला कोणत्या तोंडाने समजावून सांगणार होते?

इंटर त्यातून उभं राहिलं. २००६ मध्ये त्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची लिबेर्तादोरेस स्पर्धा जिंकली आणि डिसेंबरमध्ये आद्रियानो गाबिरूच्या गोलवर बार्सिलोनाला हरवून क्लब विश्वचषकही नेला. त्यांचे २००५ चे प्रशिक्षक मुरिसी रामाल्यो यांनी पुढची तीन वर्षं ओळीने साओ पाउलोला ब्राझिलेराँव जिंकून दिला. पण इंटरचं स्वतःचं शेवटचं ब्राझिलेराँव विजेतेपद अजूनही १९७९ चंच आहे, एकही सामना न हरता मिळवलेलं. २०२० च्या हंगामात ते पुन्हा एका गुणाने हुकलं, फ्लामेंगो ७१ आणि इंटर ७०. शेवटच्या सामन्यात समोर होते कोरिंथियन्स, ०-०, आणि अखेरच्या क्षणी इंटरचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. त्या निर्णयात खोट नव्हती. पण तिथल्या जुन्या चाहत्यांना त्या रात्री काय आठवलं असेल, हे सांगायला नको.

तेव्हा माझं मागणं सरळ आहे. अकरा सामन्यांची न्यायाधिकरणाची कागदपत्रं तुमच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येतील अशी ठेवा. २००५ च्या अधिकृत तक्त्यात दोन्ही निकाल छापा. बोताफोगो, सांतोस, साओ पाउलो, इंटर आणि ज्यांचे जिंकलेले सामने रद्द झाले त्या प्रत्येक क्लबला महासंघाच्या सहीशिक्क्याचं पत्र पाठवा, की तुमच्या खेळाडूंचा यात काही दोष नव्हता. टिंगाला आणि त्याच्या सोबत्यांना बोलावून त्यांचं म्हणणं नोंदवून घ्या. आणि सामना फिरवल्याचं उघड झालं तर निकाल कधी रद्द होईल आणि कधी कायम राहील, हे पुढच्या हंगामाच्या नियमावलीत, पहिला चेंडू उडण्याआधी लिहा.

कळावे.

आपला,
कोल्हापूरचा एक फुटबॉलप्रेमी